गंधकाने बाधलेला फ्युएल सेल आणि त्यावरचा इलाज

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने हायड्रोजनवर चालणाऱ्या ३७ बस आणि ट्रक देशातल्या वेगवेगळ्या मार्गांवर चाचणीसाठी उतरवायचं ठरवलं. त्यात पुणे–मुंबई मार्ग आहे, साहिबाबाद–फरिदाबाद–दिल्ली आहे, जामनगर–अहमदाबाद आहे, जमशेदपूर–कलिंगनगर आहे. ३७ पैकी १५ गाड्या फ्युएल सेलवरच्या (हायड्रोजन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं साधन), उरलेल्या २२ हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाच्या. बातम्यांत ठळकपणे एकच गोष्ट आली: धूर नाही, नळीतून फक्त पाणी.

फ्युएल सेलच्या गाड्यांपुरतं ते खरंच आहे. पण अशा गाड्यांच्या हायड्रोजनचा दर्जा ठरवणारं आयएसओ १४६८७ हे आंतरराष्ट्रीय मानक पाहिलं, तर एक आकडा डोळ्यांत भरतो. हायड्रोजन किमान ९९.९७ टक्के शुद्ध हवा, इथवर ठीक. पण गंधकाची सगळी संयुगं मिळून शंभर कोटी रेणूंमागे चारांच्या वर जाता कामा नयेत. त्याच मानकात कार्बन मोनॉक्साइडला दोनशेपर्यंत मुभा आहे. म्हणजे माणसाचा जीव घेणाऱ्या वायूपेक्षा गंधकावर पन्नास पट कडक नजर.

गंधकाचं एवढं वावडं कशासाठी, बाधा झालीच तर सेल कायमचा जातो का, आणि तो पूर्ववत कसा करतात, हे या लेखात पाहू. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे सगळी चर्चा हायड्रोजन हरित (पाण्याचं विघटन करून मिळालेला) की राखाडी (नैसर्गिक वायूपासून काढलेला) यावर अडकली आहे. सेलच्या दुसऱ्या बाजूने आत जाणाऱ्या हवेबद्दल कोणी बोलत नाही. गंधकाचा मोठा वाटा तिथूनच येतो.

मुळात सेलमध्ये घडतं काय

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग ज्वाळेविना घडवून त्यातून थेट वीज काढणारं साधन. कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्येच ती करून दाखवली होती. १९६५ मध्ये जेमिनी ५ या अमेरिकी अवकाशयानात असे सेल प्रत्यक्ष वापरले गेले.

गाड्यांमधल्या सेलमध्ये मधोमध अगदी पातळ, प्लास्टिकसारखा पडदा असतो. त्याच्या एका अंगाला हायड्रोजन सोडतात, त्या बाजूला ॲनोड म्हणतात. दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा सोडतात, ती बाजू म्हणजे कॅथोड. ॲनोडवर हायड्रोजन फुटतो आणि त्याचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. मग इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेतून, मोटर फिरवत फिरवत पलीकडे जावं लागतं. कॅथोडवर दोघं पुन्हा भेटतात, हवेतला ऑक्सिजन सोबत घेतात आणि पाणी होतं. हे सगळं साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला चालतं. चालू स्थितीत एका सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज; पुढे नुसतं ‘दाब’) जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट भरतो. म्हणून शेकडो सेल एकावर एक रचून स्टॅक बनवतात. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या मिराई मोटारीत असे ३३० सेल आहेत.

एवढ्या कमी तापमानाला या क्रिया आपणहून वेगाने होत नाहीत. त्यासाठी उत्प्रेरक लागतो, म्हणजे स्वतः खर्ची न पडता क्रियेला वेग देणारा पदार्थ. इथे तो प्लॅटिनम आहे. महाग असल्यामुळे त्याचे दोन ते पाच नॅनोमीटरचे कण करून कार्बनच्या भुकटीवर पसरतात, कारण काम फक्त पृष्ठभागावरचे अणू करतात. कणाच्या पोटातले अणू कामाचे नसतात. गंधकाची गोष्ट सगळी या पृष्ठभागावर घडते.

जागा अडवणारा प्रवासी

एसटीच्या गाडीतली बाकं डोळ्यांसमोर आणा. प्लॅटिनमचा पृष्ठभागावरचा प्रत्येक अणू म्हणजे एक जागा. हायड्रोजन किंवा ऑक्सिजन येतो, जागेवर बसतो, त्याची क्रिया होते, तो उठतो आणि पुढचा बसतो. ही ये-जा सेकंदाला असंख्य वेळा चालू असते आणि तिच्यावरच वीज अवलंबून असते. आता कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि सामानसुमान मांडून शेवटच्या थांब्यापर्यंत ठाण मांडलं, तर गाडी शाबूत आहे, बाक शाबूत आहे, पण ती जागा इतरांना नाही. गंधक हेच करतो.

हायड्रोजन सल्फाइडचा रेणू (सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू) प्लॅटिनमवर येऊन टेकला की आपले दोन्ही हायड्रोजन सोडून देतो आणि उघडा गंधक धातूला चिकटून राहतो. गंधकाकडे बंधासाठी मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या असतात आणि प्लॅटिनमला त्या फार मानवतात. सल्फर डायऑक्साइड, कार्बोनिल सल्फाइड, संयुग कुठलंही असो, शेवट बराचसा सारखाच. अमेरिकी नौदलाच्या वॉशिंग्टनमधल्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीने ही तिन्ही संयुगं कॅथोडवर तपासली, तेव्हा तिघांची बाधा जवळपास सारखी निघाली.

कार्बन मोनॉक्साइडही जागा अडवतो, पण तापमान वाढवलं किंवा हायड्रोजनमध्ये चिमूटभर हवा मिसळली की तो निघून जातो. नायट्रोजन डायऑक्साइड तर त्याहून सोपा. साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये कॅथोडच्या हवेत वेगवेगळे वायू मिसळून पाहिले. नायट्रोजन डायऑक्साइडने मंदावलेला सेल नुसती स्वच्छ हवा दिल्यावर सावरला. सल्फर डायऑक्साइडचं तसं झालं नाही. दहा लाखांत अडीच भाग एवढ्या प्रमाणाने सेलची कामगिरी ५३ टक्क्यांनी घसरली, पाच भागांनी ७८ टक्क्यांनी, आणि स्वच्छ हवा सुरू केल्यावर ती अर्धवटच परत आली.

यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. ऑक्सिजनचा रेणू नीट फुटायला शेजारी-शेजारी मोकळ्या जागा लागतात. गंधक विखरून बसला की मोकळ्या जागा उरतात, पण जोडीने उरत नाहीत. मग ऑक्सिजनची क्रिया अर्धवट होते आणि पाण्याऐवजी थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. तो पडद्याला कुरतडतो. म्हणजे आजची बाधा वीज कमी करते आणि उद्याचं आयुष्यही.

गंधक येतो कुठून

पहिला मार्ग इंधनाचा. आजचा बहुतांश औद्योगिक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून, वाफेच्या साह्याने काढतात. नैसर्गिक वायूत मुळातच गंधक असतो. तेलशुद्धीकरण आणि खत कारखाने तो आधी काढून टाकतात: गंधकाच्या संयुगांचं हायड्रोजन सल्फाइड करायचं आणि ते झिंक ऑक्साइडच्या थरातून न्यायचं, तिथे त्याचं झिंक सल्फाइड होऊन ते अडकून पडतं. पुढे आणखी शुद्धीकरण होतं. पण वायू तयार झाल्यावर तो काँप्रेसर, नळ्या, सिलिंडर, पंप या सगळ्यांतून जातो. रबर टिकाऊ करायला त्यात गंधकच घालतात, हे लक्षात घेतलं की सीलचं आणि नळीचं रबरही काळजीपूर्वक का निवडावं लागतं ते कळतं.

घरच्या गॅसचा वास तर सगळ्यांच्या ओळखीचा. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो; गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, आणि मर्कॅप्टन म्हणजे गंधकाचंच संयुग. पाइपच्या गॅसमध्येही याच जातीचा पदार्थ असतो. जपानमध्ये २००९ पासून घरोघरी बसवलेले एनेफार्म नावाचे फ्युएल सेल शहरी गॅसवर चालतात, म्हणून त्यांत गंधक शोषणारा भाग आधी लागतो. हायड्रोजनलाही रंग-वास नाही. पण फ्युएल सेलच्या हायड्रोजनला असा वास लावता येत नाही, कारण वास लावणं म्हणजे विष मिसळणं. म्हणून हायड्रोजन पंपावर आणि गाडीत गळती ओळखायचं काम सेन्सरवर सोपवावं लागतं. नाकाने ओळखण्याची सोय त्या पंपावर नाही, एवढं तिथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

दुसरा मार्ग हवेचा. कोळशाची वीजकेंद्रं, तेलशुद्धीकरण कारखाने, पोलादाच्या भट्ट्या, जहाजं, वीटभट्ट्या, सगळीकडून सल्फर डायऑक्साइड निघतो. डिझेलची बाजू आपल्याकडे बरीच सुधारली आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंधनात गंधक दहा लाखांत १० भाग, आधी तो ५० होता. जहाजांच्या इंधनाला मात्र जानेवारी २०२० पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार अर्धा टक्का मुभा आहे, म्हणजे बीएस-६ डिझेलच्या पाचशे पट. बंदरात हायड्रोजनचे ट्रक चालवायचे म्हणणाऱ्यांनी हा आकडा विचारात घ्यायला हवा. हवाई बेटांवर तर ज्वालामुखीच गंधकाचे वायू सोडतो. तिथल्या विद्यापीठाची नॅचरल एनर्जी इन्स्टिट्यूट हवेतल्या गंधकाचा फ्युएल सेलवर काय परिणाम होतो याच्या अभ्यासासाठी ओळखली जाते.

तिसरा मार्ग सेलच्या आतलाच. मधला पडदा ज्या पदार्थाचा असतो, त्याच्या साखळीला सल्फोनिक आम्लाचे गट टांगलेले असतात. प्रोटॉन त्यांच्याच आधाराने पुढे सरकतात. पडदा झिजू लागला की त्यातून सल्फेट (ऑक्सिजनशी जोडलेला गंधक) सुटतं आणि प्लॅटिनमवर जाऊन बसतं. जनरल मोटर्सच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की पडद्याच्या अशा झिजेमुळे आलेली घट परत भरून काढता येते. हे सल्फेट उघड्या गंधकाइतकं हट्टी नसतं.

आकडे मांडून पाहू

मिराईच्या टाकीत ५.६ किलो हायड्रोजन मावतो आणि गाडी साधारण साडेसहाशे किलोमीटर जाते. मानकाच्या कमाल मर्यादेइतका गंधक असला, तर एका टाकीतून सुमारे एक तृतीयांश मिलिग्रॅम गंधक आत जाईल. ॲनोडवर ४ ग्रॅम प्लॅटिनम धरू, आणि ग्रॅममागे ५० चौरस मीटर पृष्ठभाग. असा पृष्ठभाग अशा कणांना सहज असतो. एवढ्या सगळ्या जागा एकास एक भरायला अंदाजे १४० मिलिग्रॅम गंधक पुरेल. म्हणजे आलेला गंधक शंभर टक्के चिकटला आणि कधीच सुटला नाही असं मानलं, तर साधारण ३९० टाक्या, अडीच लाख किलोमीटर. मोटारीचं आयुष्य. शंभर कोटींत चार हा आकडा हवेतून काढलेला नाही, हे या ढोबळ हिशेबावरूनही पटतं. तोच गंधक दहा पट झाला तर पंचवीस हजार किलोमीटर, आणि सगळ्या जागा भरण्याच्या कितीतरी आधी गाडी ओढायला कुरकुर करू लागेल.

आता हवेची बाजू. तेवढाच हायड्रोजन वापरायला ऑक्सिजन लागतो आणि प्रत्यक्षात गरजेच्या दुप्पट हवा आत ढकलतात, असं धरलं तर एका टाकीमागे जवळपास ३८० किलो हवा जाते, घनमीटरमध्ये सव्वातीनशे. भारतात सल्फर डायऑक्साइडची चोवीस तासांची कायदेशीर मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. त्या मर्यादेवरची हवा घेतली तर टाकीमागे २६ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे वजनाने त्याच्या निम्मा, १३ मिलिग्रॅम गंधक. इंधनातून येणाऱ्या गंधकाच्या पस्तीस पटींहून जास्त! आपल्या बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइड या मर्यादेच्या बराच खाली असतो, हे खरं. पण १० मायक्रोग्रॅम धरला तरी टाकीमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गंधक होतो, इंधनातल्या गंधकाच्या चौपट-पाचपट. कॅथोडवर प्लॅटिनम जास्त असतं आणि तिथे जाणारा सगळा गंधक चिकटत नाही, म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही. तरी तराजूचं जड पारडं कुठलं, ते दिसतं.

इंधनाच्या गंधकावर आंतरराष्ट्रीय मानकाचा पहारा आहे. हवेसाठी पहारा एकच: गाडीच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर. त्यात सक्रिय कोळसा असतो, बऱ्याचदा क्षार लावलेला, म्हणजे आम्लधर्मी वायू त्यावर अडकून राहावेत. तो वेळेवर बदलला तर उत्तम काम करतो. भरून गेल्यावर मात्र तो नुसती धूळ अडवतो.

इलाजाचं मर्म

बाधा कितीही हट्टी असली तरी प्लॅटिनम नष्ट झालेलं नसतं. जागा अडली आहे, बाक मोडलेलं नाही. गंधक काढता आला तर सेल पुन्हा उभा राहतो, आणि तो काढायचं मुख्य हत्यार व्होल्टेज.

गाडी ओझं ओढत असताना कॅथोड ०.६ ते ०.७ व्होल्टवर असतो. या दाबाला प्लॅटिनमवरचा गंधक स्वस्थ बसून राहतो. कॅथोडचा दाब ०.९ व्होल्टच्या पुढे नेला की चित्र बदलू लागतं. पाण्यातला ऑक्सिजन गंधकाशी जोडला जातो आणि गंधकाचं सल्फेट होतं. गंधकाच्या प्रत्येक अणूमागे सहा इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून किती वीज वाहिली हे मोजून किती गंधक निघाला हे सांगता येतं. पण काम इथेच संपत नाही. सल्फेटवर ऋण भार असतो आणि चढ्या दाबाला ते धातूलाच बिलगून राहतं. म्हणून नंतर दाब खाली आणायचा. खालच्या दाबाला धातू त्याला दूर लोटतो, आणि सेलमध्ये भरपूर ओलावा असला तर पाणी त्याला वाहून नेतं. चढव, उतरव, धुऊन टाक, पुन्हा चढव.

प्रयोगशाळेत हे संगणकाच्या पडद्यावर दिसतं. बाधित इलेक्ट्रोडचा दाब हळूहळू चढवत आणि उतरवत वीजप्रवाहाचा आलेख काढतात. निरोगी प्लॅटिनमच्या आलेखाला डावीकडे, कमी दाबाच्या भागात, दोन-तीन उंचवटे असतात. हायड्रोजन जागांवर बसत-उठत असल्याची ती खूण. बाधित प्लॅटिनमवर ते उंचवटे सपाट झालेले असतात. पहिल्या फेरीत उजवीकडे, एक व्होल्टच्या आसपास आणि पुढे, एक मोठा फुगवटा येतो: तो गंधक जळण्याचा, म्हणजे त्याचं सल्फेट होण्याचा. दुसऱ्या फेरीत फुगवटा लहान, तिसरीत आणखी लहान, आणि प्रत्येक फेरीबरोबर डावीकडचे उंचवटे वर येत जातात. उंचवटे पूर्ववत झाले की जागा मोकळ्या झाल्या. सेल बरा होताना इतक्या उघडपणे दिसावा, ही मला या विषयातली फार सुंदर गोष्ट वाटते.

वर्कशॉपमध्ये आणि धावत्या गाडीत

प्रयोगशाळेत एका सेलला बाहेरून हवा तो दाब देता येतो. गाडीत शेकडो सेल एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येकाला वेगळा दाब देणं शक्य नाही. तिथे दुसरी युक्ती आहे. सेलवरचा विजेचा भार काढला की कॅथोडचा दाब आपोआप ०.९ ते १ व्होल्टपर्यंत चढतो. आणि थोडा भार ठेवून काही क्षण हवा अडवली की ऑक्सिजन संपतो आणि दाब कोसळतो. हवा सोडणं-अडवणं या एवढ्या खेळातून चढउतार मिळतो, बाहेरचं यंत्र न लावता. त्याला ओलाव्याची जोड दिली की काम आणखी चांगलं होतं. पडद्यातून सुटलेल्या सल्फेटसाठी तर खालचा दाब, थंडावा आणि भरपूर पाणी एवढंच पुरतं.

नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीला या कामात रस असण्याचं कारण उघड आहे. समुद्रावर जहाजांचा धूर, रणांगणावर लष्करी इंधनाचा धूर, आणि त्या हवेत चालवायचे सेल. याच संस्थेचं आयन टायगर नावाचं मानवरहित विमान एप्रिल २०१३ मध्ये द्रवरूप हायड्रोजनवर सलग ४८ तास उडालं.

ॲनोडची बाधा मात्र जास्त अवघड. हायड्रोजन असेपर्यंत ॲनोडचा दाब शून्याजवळच राहतो, आणि त्या दाबाला गंधक जळत नाही. हायड्रोजन काढून टाकून बाहेरून दाब द्यावा लागतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून २०१४ मध्ये यावर एक वेगळा उपाय पुढे आला: ओझोन. हायड्रोजन सल्फाइडने निकामी केलेल्या सेलमध्ये खोलीच्या तापमानाला ओझोन सोडला, आणि १० ते १५ मिनिटांत सेल पूर्ववत झाला. ओझोन थेटही गंधक जाळतो आणि इलेक्ट्रोडचा दाबही आपोआप चढवतो. बाहेरून १.६ व्होल्ट देण्यापेक्षा हा मार्ग जास्त परिणामकारक ठरला. सगळा स्टॅक उघडून, सेल सुटे करून दुरुस्त करण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये नळी जोडून वायू सोडणं कितीतरी सोपं, म्हणून मला हा मार्ग आश्वासक वाटतो.

"मग अधूनमधून साफ केलं की झालं!"

इतकं सोपं असतं तर मानकात चारचा आकडा लागलाच नसता. चढ्या दाबाला फक्त गंधक जळत नाही. प्लॅटिनम ज्या कार्बनवर पसरलेलं असतं तो कार्बनही पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड होऊन जाऊ लागतो, आणि १.२ व्होल्टच्या पुढे हा वेग चांगलाच वाढतो. आधार गेला की कण सुटतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग कमी होतो. शिवाय दाब वारंवार चढला-उतरला की प्लॅटिनम स्वतः थोडं थोडं विरघळतं आणि पडद्यात जाऊन बसतं. तिथे ते कोणाच्या उपयोगाचं नाही.

म्हणजे प्रत्येक सफाईत गंधक जातो, सोबत आयुष्याचा एक तुकडाही जातो. ओझोनचा उपाय खोलीच्या तापमानाला करण्यामागेही कारण हेच: थंड असताना कार्बनची झीज कमी. सफाई हा इलाज आहे, नेमाने करायचा उपचार नव्हे. खरं रक्षण फिल्टरच करतो, आणि फिल्टर सेलच्या मानाने फार स्वस्त.

"हरित हायड्रोजन आला की गंधक उरणारच नाही ना?"

४ जानेवारी २०२३ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं उद्दिष्ट. हा हायड्रोजन पाण्याचं विघटन करून मिळतो. त्यात मुळातून गंधक येण्याचं कारणच नाही, म्हणून इंधनाच्या बाजूचा धोका खूप कमी होईल, काँप्रेसर आणि नळ्या सांभाळल्या तर. हा हरित हायड्रोजनचा मोठा गुण आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

पण हवा तीच राहते. डिसेंबर २०१५ मध्ये कोळशाच्या वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली गेली. चिमणीतला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा त्यांनी बसवायची होती. मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूट मिळाली. हायड्रोजनवर हजारो कोटी घालणारं धोरण आणि हवेतल्या गंधकाला सूट देणारं धोरण, दोन्ही एकाच देशाची. या दोन टेबलांवरच्या माणसांनी एकमेकांशी बोलावं, असं मला कळकळीने वाटतं.

"प्लॅटिनमच कशाला हवं?"

प्रश्न रास्त आहे. लोह, नायट्रोजन आणि कार्बन यांच्यापासून बनवलेल्या उत्प्रेरकांना सल्फर डायऑक्साइडची बाधा प्लॅटिनमच्या मानाने फार कमी होते. त्यांची ताकद आणि टिकाऊपणा अजून प्लॅटिनमच्या तोडीचा नाही, म्हणून ते गाड्यांत आलेले नाहीत. सात-आठशे अंशांवर चालणाऱ्या सेलमध्ये निकेल वापरतात. तिथेही गंधक जागा अडवतो, पण एवढ्या उष्णतेत तो सुटतोही, आणि इंधन स्वच्छ केलं की सेल बराचसा सावरतो. इतकी उष्णता बसला किंवा मोटारीला सोयीची नाही. हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड नसतात, त्यामुळे चाचणीतल्या २२ गाड्यांना ही डोकेदुखी नाही. मात्र त्यांच्या जळणात नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, आणि नळीतून फक्त पाणी हे त्यांना लागू पडत नाही.

पाणबुडीचं उदाहरण इथे बोलकं आहे. अंबरनाथच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने नौदलासाठी फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल विकसित केला. त्यावर आधारलेल्या यंत्रणेची जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये झाली. पाण्याखाली बाहेरची हवा नाहीच. ऑक्सिजन टाकीतून येतो आणि हायड्रोजन आतच तयार होतो. गंधकाचे दोन्ही बाहेरचे दरवाजे तिथे बंद. रस्त्यावरच्या बसला ही चैन नाही.

चाचणीच्या गाड्यांबद्दल काय विचारावं

चाचणीचे मार्ग पुन्हा वाचा. जामनगरला तेलशुद्धीकरणाचे अवाढव्य कारखाने, जमशेदपूर आणि कलिंगनगरला पोलादाच्या भट्ट्या, दिल्लीची हवा सर्वांना माहीत. पुणे–मुंबई मार्गावर घाटात दमून चढणाऱ्या ट्रकच्या मागे रांग लागते. फ्युएल सेलची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगले रस्ते मिळणार नाहीत, आणि तेच कारण आहे की या चाचण्यांतून फक्त किलोमीटर आणि मायलेज मोजून थांबता कामा नये.

प्रत्येक गाडीच्या स्टॅकचा व्होल्टेज ठरावीक भाराला महिन्यामहिन्याला किती होता; मार्गावर सल्फर डायऑक्साइड किती होता; फिल्टर कधी बदलला आणि काढलेल्या फिल्टरमध्ये गंधक किती सापडला; पंपावरच्या हायड्रोजनचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेने तपासला; व्होल्टेज घसरल्यावर सफाई केली का, आणि त्यानंतर किती परत आला. परत आलेली घट ही गंधकाची आणि तत्सम बाधेची. न परतलेली घट ही खऱ्या झिजेची. हे दोन आकडे वेगळे काढले नाहीत, तर मंदावलेल्या प्रत्येक बसवर एकच शिक्का बसेल की ही तंत्रज्ञानं आपल्याकडे चालत नाहीत, आणि चांगला स्टॅक फक्त एक फिल्टर वेळेवर न बदलल्यामुळे भंगारात जाईल. चाचण्या सार्वजनिक पैशातून होत आहेत. ही नोंदवही डेपोच्या कपाटात न ठेवता सगळ्यांसाठी खुली करावी, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनाही ती उघडून हिशेब करता येईल.